स्वयंचलित गिअरबॉक्सची दुखणी

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला एक फाटा फुटतो. मुंबईकडून येताना सरळ गेले की ओरोस, कुडाळ, सावंतवाडी आणि पुढे गोवा. उजवीकडे वळले की मालवण. गणपतीत आणि मे महिन्यात या फाट्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते. त्यांत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आलेल्या ऐसपैस मोटारीही असतात. त्यांपैकी काहींत डाव्या पायाशी क्लचचे पेडल नसते. दांडा ‘डी’वर ठेवायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा; गिअर आपोआप बदलतात.

गाडी बंद पडली की आपल्याकडे दोन उपाय तयार असतात. चार जण मिळून ढकलस्टार्ट करतात, नाहीतर दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेतात. क्लच असलेल्या गाडीला हे दोन्ही चालते. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीला पहिला उपाय लागू पडत नाही आणि दुसरा तिचा गिअरबॉक्स कायमचा बिघडवू शकतो. असे का? याचे उत्तर शोधताना या गिअरबॉक्सची बहुतेक दुखणी आणि त्यांवरचे उपायही कळतात. शाळेत शिकवलेला पास्कलचा नियम, घर्षण आणि उष्णता येथे एकत्र कामाला लागलेली दिसतात.

तेल चार कामे करते

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम वंगणाचे. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल इंजिनाची शक्ती पुढे पोचवते, क्लच दाबते, उष्णता वाहून नेते आणि वंगणही करते. म्हणूनच या गिअरबॉक्सचे आजार बहुतेक वेळा तेलापासून सुरू होतात किंवा तेलात दिसतात.

पहिले काम शक्ती पोचवण्याचे. वर्गात टेबलावरचे, जाळी असलेले दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याचे बटण बंदच ठेवा. थोड्या वेळाने दुसराही हळूहळू फिरू लागेल. दोघांना जोडणारा दांडा नाही. हवाच ओढ पोचवते. हवेऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा. अशी जोडणी जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी शोधली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. त्यांना वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइन जहाजाच्या संथ पंख्याला जोडायची होती. दोन पंख्यांच्या मध्ये तेलाची दिशा वळवणारे तिसरे चक्र बसवले की गाडी सुरू होताना जोर इंजिनापेक्षा वाढून मिळतो, साधारणपणे दुपटीच्या आसपास. हाच टॉर्क कन्व्हर्टर. गाडी ब्रेकवर उभी असताना इंजिन बंद का पडत नाही, हेही यावरून कळते. दुसरा पंखा थांबला तरी पहिला तेल घुसळत राहतो.

दुसरे काम क्लच दाबण्याचे. बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्रांचा ग्रहमालेसारखा संच असतो: मध्ये ‘सूर्य’, भोवती फिरणारे ‘ग्रह’ आणि बाहेर आतून दाते असलेले कडे. यांपैकी कोणाला धरून ठेवायचे आणि कोणाला फिरवायचे यावर गिअर ठरतो. याची कल्पना पट्टी आणि पेन्सिलींनी देता येते. टेबलावर दोन गोल पेन्सिली ठेवून त्यांवर लांब पट्टी ठेवा आणि पट्टी ढकला. पट्टी २० सेंटिमीटर सरकते तेव्हा पेन्सिली १० सेंटिमीटरच सरकतात. टेबल हे धरून ठेवलेले कडे, पट्टी म्हणजे सूर्य आणि पेन्सिली म्हणजे ग्रह. वेग निम्मा झाला, म्हणजे जोर वाढला.

हे ‘धरून ठेवणे’ क्लच प्लेटा करतात. एक पोलादी, एक कागदासारखे अस्तर असलेली, अशी त्यांची चळत असते. तेलाच्या दाबाने पिस्टन ती आवळतो. समजा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम आहे आणि पिस्टनचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर. मग प्लेटांवर ६०० किलोग्रॅम वजनाइतका जोर पडेल. एखादे सील कडक होऊन तेल निसटू लागले आणि दाब निम्मा झाला, तर जोर ३०० वर येईल आणि प्लेटा घसरू लागतील.

हा दाब तयार करणारा पंप इंजिनाने फिरतो. इंजिन बंद, तर पंप बंद. पंप बंद, तर क्लच सुटलेले. म्हणून चाके ढकलून इंजिन फिरवता येत नाही. दोराने ओढताना चाकांबरोबर गिअरबॉक्सचे काही भाग फिरत राहतात, पण पंप थांबलेला असल्याने त्यांना वंगण मिळत नाही. अशी गाडी ट्रकवर चढवून किंवा निदान इंजिनाने फिरणारी चाके उचलून न्यावी.

घाट आणि उष्णता

तिसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. एक हिशेब मुलांकडून करून घेता येईल. माणसे आणि सामान धरून १,५०० किलोग्रॅमची गाडी घाटातून ५०० मीटर चढली. तिने केलेले कार्य १,५०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ७३ लाख ज्यूल. समजा इंजिनाकडून आलेल्या शक्तीचा दहावा भाग तेलाच्या घुसळण्यात उष्णता झाला, तर ती सुमारे ८ लाख ज्यूल भरेल. गिअरबॉक्समध्ये ६ किलोग्रॅम तेल धरले आणि १ किलोग्रॅम तेल १ अंशाने तापायला २,००० ज्यूल लागतात असे धरले, तर तेल सुमारे ६५ अंशांनी तापेल! प्रत्यक्षात काही उष्णता धातू घेतो आणि बरीचशी कूलर बाहेर टाकतो. पण कूलरची नळी चोंदली असेल तर काय होईल, हे या आकड्यावरून कळते.

तेलाचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते. ढोबळ नियम असा, की नेहमीच्या तापमानापेक्षा तेल दर १० अंशांनी अधिक तापत राहिले तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. तापलेले तेल प्लेटांचे अस्तर जाळते, सील कडक करते आणि त्यामुळे दाब आणखी कमी होतो. मग घसरण वाढते आणि उष्णताही वाढते. दुखणे स्वतःलाच वाढवत जाते.

तेलाचा रंग पाहा

गिअरबॉक्सचे तेल सहसा लाल रंगाचे बनवतात, म्हणजे गळती झाली तर ते इंजिनाच्या तेलापासून वेगळे ओळखता येते. ज्या गाडीत तेल मोजण्याची पट्टी असते, तिच्यातला एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्या.

कोकमाच्या सरबतासारखा लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी झाला असेल तर तेल जुने झाले. काळपट असेल आणि जळका वास येत असेल तर प्लेटा जळत आहेत. आणि थेंब सोलकढीसारखा गुलाबी-दुधट दिसला तर तेलात पाणी शिरले आहे. बऱ्याच गाड्यांत तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला की दोन्ही द्रव मिसळतात. पावसाळ्यात व्हाळाच्या पाण्यातून गाडी घातली तर हवेच्या नळीतूनही पाणी आत जाऊ शकते. पाण्याने प्लेटांचे कागदी अस्तर सुटू लागते, म्हणून सोलकढी दिसली की गाडी तेथेच थांबवावी.

तेलाची पातळी मोजण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून मोजतात. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून लगेच मोजतात. पुस्तिका पाहिल्याशिवाय तेल ओतू नये. जास्त झालेले तेलही फेसाळते आणि फेसाने दाब तयार होत नाही.

लक्षणे आणि कारणे

*इंजिन ओरडते, पण गाडी धावत नाही.* ही घसरण. पातळी कमी असेल, गाळणी चोंदली असेल, सील गळत असेल किंवा प्लेटा झिजल्या असतील.

*‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी गाडी हलते.* दाब उशिरा भरतो आहे. सकाळी पहिल्या वेळीच असे होत असेल तर कडक झालेली सील किंवा कमी तेल, असा संशय घ्यावा.

*गिअर बदलताना धक्का बसतो.* झडपांच्या पेटीत घाण अडकली असेल किंवा सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडझाप करणारी झडप, बिघडली असेल. पण गिअरबॉक्स उघडण्याआधी इंजिनाचे रबरी माउंटिंग पाहून घ्यावे. ते तुटले असले तरी असाच धक्का बसतो.

*काही गिअर लागतात, काही लागत नाहीत.* येथे तर्काला खरा वाव आहे. अनेक जुन्या तीन-गिअरी गिअरबॉक्समध्ये एकच क्लच तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सलाही लागतो. हे दोन्ही गेले आणि पहिला-दुसरा शाबूत असतील तर दोष कोठे आहे, हे न उघडता सांगता येते.

*गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि दिवा लागतो.* संगणक असलेल्या गाड्या बिघाड दिसताच स्वतःला वाचवण्यासाठी असे करतात. आधी यंत्राने संकेतांक वाचून घ्यावा. कधी कधी दोष एखाद्या वायरचा निघतो.

गिअरबॉक्स कोणत्या जातीचा?

मोटारीतील पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सने, १९३९ साली. आपल्या रस्त्यांवरच्या पद्मिनी आणि ॲम्बॅसडर मात्र हाताने गिअर टाकायच्याच. भारतात पुढे ज्या स्वयंचलित गाड्या आल्या त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. २००८ मध्ये आलेल्या कोरोला अल्टिसमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि चार गिअर होते. २००३ च्या होंडा सिटीत सीव्हीटी मिळे. तिच्यात ठरावीक गिअर नसून दोन कप्प्यांवर पोलादी पट्टा सरकतो. २०१४ च्या मारुती सेलेरिओत तर साध्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि दांडा हलवणारे यंत्र बसवले होते. होंडाच्या अनेक स्वयंचलित गाड्यांत ग्रहचक्रांऐवजी समांतर दांड्यांवरचे गिअर असतात, पण तेलाने दाबायचे क्लच तेथेही असतात. प्रत्येक जातीचे तेल वेगळे. दिसायला लाल आहे म्हणून कोणतेही ओतले तर चांगला गिअरबॉक्सही घसरू लागतो.

दुरुस्ती: स्वस्तापासून महागाकडे

पहिली पायरी तेल आणि गाळणी बदलण्याची. खालचा बोल्ट उघडला की सगळे तेल निघत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून थोडे अंतर चालवून पुन्हा एक-दोनदा बदलावे लागते. तळाच्या तबकडीतले चुंबक मेकॅनिकला दाखवायला सांगा. त्यावर राखाडी चिखलासारखा थर असणे नेहमीचे आहे. धातूचे तुकडे असतील तर आतले काही तुटले आहे.

नवे तेल घातल्यामुळे गिअरबॉक्स गेला, असे ऐकू येते. नवे तेल झिजलेल्या प्लेटांना अस्तर देऊ शकत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स आधीच शेवटाला आलेला असतो. म्हणून घसरण सुरू झाल्यानंतर तेल बदलण्याने फार आशा धरू नये. ते आधी, वेळेवर बदलायचे असते.

दुसरी पायरी बाहेरून पोचता येणाऱ्या भागांची: सोलेनॉइड, वायर, कूलरची नळी, गळके सील, झडपांची पेटी. खाऱ्या हवेच्या गावात लोखंडी नळ्या गंजतात, म्हणून त्या हाताने चाचपून पाहाव्यात.

तिसरी पायरी गिअरबॉक्स उतरवून प्लेटा आणि सगळी सील नवी बसवण्याची. हे काम याचाच अनुभव असलेल्याकडे द्यावे. त्यासाठी कोल्हापूर, गोवा किंवा पुण्या-मुंबईपर्यंत जावे लागले तरी चालेल. कूलर धुतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, कारण जुनी घाण नव्या प्लेटा खाते. चौथा मार्ग जुन्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स बसवण्याचा. तो स्वस्त पडतो, पण त्याचा इतिहास कोणाला ठाऊक नसतो. निदान त्याच्या तेलाचा रंग तरी पाहूनच घ्यावा.

मोठा खर्च करण्यापूर्वी गाडीची आजची किंमत लिहून काढावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून पुढे जात असेल आणि नोंदणी संपत आली असेल, तर गाडी विकण्याचा विचार करणे शहाणपणाचे. विकताना दोष सांगून विकावी. घाट उतरताना ‘डी’ऐवजी ‘२’ किंवा ‘एल’ ठेवून इंजिनाने वेग आवरायचा असतो. घसरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोष लपवून विकलेली गाडी कोणाला तरी घाटात दगा देऊ शकते.

वर्गात हा विषय घ्यायचा तर पंखे, पट्टी आणि पेन्सिली पुरतात. नंतर फळ्यावर एकच लक्षण लिहावे आणि मुलांना विचारावे: याची कारणे कोणती असू शकतील, आणि गिअरबॉक्स न उघडता त्यांतली कोणती गाळता येतील? डॉक्टर आणि चांगला मेकॅनिक हेच करतात. सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आधी करायची, हे मुलांच्या तोंडून आले की धडा झाला.