आलेखाचे रूप आणि आकड्यांचे सत्य

आकड्यांचे लांबलचक तक्ते वाचण्यापेक्षा आलेखावर नजर टाकणे कोणालाही सोपे वाटते. मात्र तो आलेख कोणत्या रंगांत आणि कोणत्या मोजपट्टीवर काढला आहे, यावर वाचक त्यातून काय निष्कर्ष काढणार, हे बरेचसे ठरते. म्हणूनच आलेखाचे रूप बदलणाऱ्याने आपण नेमके काय बदलत आहोत, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

संख्याशास्त्रासाठी जगभर वापरली जाणारी 'आर' ही संगणकभाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात विकसित केली. ती विनामूल्य उपलब्ध आहे. आलेखांसाठी या भाषेत 'जीजीप्लॉट२' हा आज्ञासंच लोकप्रिय आहे. हॅडली विकहॅम यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. आलेखालाही भाषेप्रमाणे व्याकरण असते, ही लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ च्या ग्रंथात मांडलेली कल्पना त्याच्या मुळाशी आहे.

या व्याकरणात रूपाचे घटक वेगवेगळे ठेवलेले असतात. पार्श्वभूमी, जाळीच्या रेषा, अक्षरांचा आकार हे सारे 'थीम' या आज्ञेकडे असते. त्यात कितीही फेरफार केले तरी आकड्यांना धक्का लागत नाही. 'स्केल'चे तसे नाही. समजा, विद्यार्थ्यांच्या गुणांचा आलेख ४० ते ८० एवढ्याच पट्ट्यात दाखवायचा आहे. ही मर्यादा स्केलवर घातली, तर त्याबाहेरचे विद्यार्थी हिशेबातूनच गळतात आणि कलरेषा उरलेल्यांवरूनच काढली जाते. तीच मर्यादा 'कोऑर्ड कार्टेशियन' या आज्ञेने घातली, तर सर्व आकडे हिशेबात राहतात. फक्त खिडकी लहान होते. पहिल्या प्रकारात संगणक इशारा देतो खरा, पण तो पडद्यावरच राहतो. छापलेल्या आलेखावर येत नाही.

रंगांचीही अशीच गोष्ट. गट वेगळे दाखवण्यासाठी हा संच आपणहून जे रंग निवडतो, त्यांची उजळता जवळपास सारखी असते. असा आलेख कृष्णधवल छापला की सारे गट एकाच करड्या छटेत विरून जातात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न ओळखता येणारे वाचकही थोडे नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळते. यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये 'पायथॉन' भाषेच्या आलेखांसाठी 'व्हिरिडिस' ही रंगमाला तयार झाली. जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत तिची उजळता क्रमाने वाढत जाते. २०१८ पासून ती जीजीप्लॉट२ मध्येही अंतर्भूत आहे.

स्तंभालेखात तर अक्षाचा आरंभबिंदूच निर्णायक ठरतो. एका शाळेचा निकाल ९० टक्के आणि दुसरीचा ९२ टक्के असताना अक्ष ८८ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो. आकडा खरा असतो, चित्र मात्र दिशाभूल करते.

तेव्हा आलेख प्रसिद्ध करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: स्तंभ शून्यापासून सुरू होतात का, आलेख कृष्णधवल छापूनही वाचता येतो का आणि मर्यादा घालताना काही आकडे गळाले तर नाहीत ना. ही कसोटी उतरल्यावर सजावट हवी तेवढी करावी.