लंडनच्या बसमध्ये 'दोन फुल, एक हाफ' चालत नाही

मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला निघालेल्या मंडळींच्या सामानात भाजणीच्या पिठाइतकाच हमखास असतो तो तिथल्या बसबद्दलचा ऐकीव सल्ला. त्यातला बराचसा जुना झालेला, आणि उरलेला आपल्या एसटीच्या सवयीतून आलेला.

'सुट्टे पौंड जवळ ठेवा.' कशाला? 6 जुलै 2014 पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. कंडक्टर नाही आणि काचेआड बसलेला ड्रायव्हर तिकीट देत नाही. पुढच्या दारानं चढलं की त्याच्याजवळच पिवळं, गोल यंत्र दिसतं. त्यावर कार्ड टेकवायचं. बीप वाजून हिरवा दिवा लागला की भाडं भरलं गेलं. हातात कागद येत नाही. तो येईल म्हणून दारात ताटकळू नका, मागे रांग असते.

'ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं कार्ड घ्यावंच लागतं.' नाही. बँकेचं कॉन्टॅक्टलेस व्हिसा, मास्टरकार्ड किंवा ॲमेक्स थेट चालतं आणि मोठ्या माणसाचं भाडंही तेवढंच पडतं. रूपे चालत नाही, यूपीआयही नाही. खरी अडचण निघण्याआधीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या सोयी आधीपासून चालू नसतात. बँकेच्या ॲपमधून त्या आपण चालू करायच्या. हे काम घरी चहा घेत करावं. हीथ्रोवर उतरून भारतातल्या सिमवर ओटीपीची वाट बघत बसण्यात काही मजा नाही. ऑयस्टर उपयोगी पडतं ते 11 ते 15 वर्षांचं मूल सोबत असेल तर: भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरचे कर्मचारी त्यावर पाहुण्या मुलांची निम्म्या भाड्याची सवलत चढवून देतात, ती 14 दिवस चालते. कार्डाचे मात्र वेगळे पैसे पडतात आणि ते परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकाच कार्डावर सगळ्या घराचं भाडं भरू पाहणाऱ्यांचा. बाबा कार्ड टेकवतात, मागून आईसाठी तेच पुन्हा टेकवतात, आणि यंत्र ठाम नकार देतं. माणशी एक कार्ड, हा तिथला नियम. दोघांना दोन कार्डं हवीत. ॲड-ऑन कार्ड असेल तर काम भागतं. अकरा वर्षांखालच्या मुलांना बसमध्ये भाडं नाही, कार्डही लागत नाही.

'उतरतानाही टेकवायचं' हा नियम भुयारी रेल्वेचा. बसला एकदाच, चढताना. कारण टप्पे नाहीतच: दोन स्टॉप जा नाहीतर शेवटपर्यंत, 2025 मध्ये भाडं 1.75 पौंड होतं, म्हणजे साधारण दोनशे रुपये. आकडा ऐकून दचकायला होतं, पण पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी वेगळे पैसे कापत नाहीत. प्रत्येक बसमध्ये टेकवायचं मात्र तेच कार्ड. शिवाय दिवसभर नुसत्या बसनं फिरलात तर 2025 च्या दरानं 5.25 पौंडांवर, म्हणजे तीन फेऱ्यांच्या भाड्यावर, कापणं थांबतं. त्यामुळे शहर बघायला पर्यटकांच्या महागड्या बसमध्येच बसायला हवं असं नाही. 15 नंबरच्या साध्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल कॅथीड्रल आणि फ्लीट स्ट्रीट एकाच फेरीत होतात.

आता ज्येष्ठांचा प्रश्न. एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट प्रवास आणि महिलांना अर्धं तिकीट, याची सवय झालेली माणसं तिथेही आधार कार्ड काढून दाखवायला तयार असतात. लंडनमध्ये साठीनंतरचा मोफत पास आहे, पण तो तिथल्या रहिवाशांसाठी. पाहुण्या आजीला पूर्ण भाडं. महिला म्हणून वेगळी सवलत नाही.

'कंडक्टर नाही म्हणजे कोण बघतंय?' तपासनीस मध्येच चढतात आणि ज्या कार्डानं भाडं भरलं तेच त्यांच्या यंत्रावर टेकवून बघतात. भाडं भरलेलं नसेल तर दंड 100 पौंड, 21 दिवसांत भरला तर निम्मा. कार्डाऐवजी फोन टेकवून चढला असाल तर उतरेपर्यंत त्याची बॅटरी टिकायला हवी, कारण बंद पडलेल्या फोनवरून भाडं भरल्याचं दाखवता येत नाही.