रोज पंधरा मिनिटं, एकच अक्षर

आज एक छोटी परीक्षा सांगते, घरी करून बघा. तुमचं दुसरी-तिसरीतलं मूल पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवतं ना? त्याच धड्यातल्या एका ओळीवर बोट ठेवा आणि शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. पुष्कळ मुलं इथेच अडतात. म्हणजे धडा पाठ झालाय, वाचता येत नाही.

हे लवकर कळलेलं बरं. पुढच्या वर्गात गणिताचं उदाहरणसुद्धा आधी वाचावं लागतं. वाचन कच्चं राहिलं की मूल सगळ्याच विषयांत मागे पडतं, मग शाळाच नको म्हणतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, यासाठीच सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ मोहीम सुरू केली. पण शाळेच्या जोडीला घरचा हातही लागतो.

त्यासाठी मुलाला दोन तास दामटून बसवू नका. लहान मुलाचं लक्ष थोडाच वेळ टिकतं. रविवारी एकदम दोन तास शिकवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त लक्षात राहतात. मात्र एका दिवशी एकच नवी गोष्ट.

सुरुवात अ, आ, इ पासूनच हवी असं नाही. ग, म, न, र ही चारच अक्षरं घ्या. त्यांतून मन, मग, नग, नर, गरम, नरम, मगर, नगर असे आठ शब्द होतात! मुलाला लगेच वाटतं, ‘मला वाचता येतं.’ मग काना घ्या. मनचं मान होतं, नगचा नाग होतो. काना पक्का झाल्यावरच वेलांटी. घ आणि ध, भ आणि म अशी सारखी दिसणारी अक्षरं एकाच दिवशी घेऊ नका, घोटाळा होतो.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी करा. पहिली तीन मिनिटं कालची उजळणी. पुढची पाच मिनिटं नवं अक्षर: आधी ऐकायचं, म्हणायचं, मग ताटात पसरलेल्या राखेत किंवा मातीत बोटाने गिरवायचं. नंतरची पाच मिनिटं जुन्या लग्नपत्रिकेच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं लिहून शब्द जुळवायचे. शेवटची दोन मिनिटं मुलाने दिवसभरातलं एक वाक्य सांगायचं, ‘आज आपली शेळी व्याली.’ घरातल्या कुणीतरी ते पाटीवर लिहायचं आणि मुलाने बोट ठेवून वाचायचं. स्वतःचं वाक्य मूल आवडीने वाचतं.

‘मलाच वाचता येत नाही, मी काय शिकवणार?’ असं म्हणू नका. शब्दांच्या चिठ्ठ्या गटातल्या लिहित्या बाईकडून करून घ्या. एका चिठ्ठीच्या कोपऱ्यावर खूण करा. मुलाला ती वाचायला लावा, चिठ्ठ्या पिसा, थोड्या वेळाने पुन्हा तीच द्या. दोन्ही वेळा वेगळा शब्द आला, तर मूल अंदाजाने बोलतंय. हे ओळखायला कानच पुरतात. चुकलं तर रागावू नका, मारू तर मुळीच नका. फक्त म्हणा, ‘पुन्हा बघ बरं.’

आज रात्री भाकरी झाल्या की ताटात राख पसरा. आणि पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर एकमेकींना विचारा, कुणाचं मूल कुठल्या अक्षरापर्यंत आलं?