प्रिंटर किती लक्षात ठेवतो?

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, ती विणतानाच उमटते. मागावरील जॅकार्ड यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तेथे उभा धागा उचलला जातो; नसेल तेथे तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीसाठी एक पुठ्ठा. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. 'भोक आहे' आणि 'भोक नाही' या दोनच खुणांत सारी नक्षी साठवलेली असते. कार्यालयातला लेसर प्रिंटरही कागदाकडे याच नजरेने पाहतो. त्याच्या लेखी पान म्हणजे बिंदूंचे जाळे. बिंदू काळा की पांढरा, हे लक्षात ठेवायला एक बिट पुरतो.

थोडे गणित

ए-4 कागद 8.27 इंच रुंद आणि 11.69 इंच लांब असतो. इंचाला 600 बिंदू धरले, तर रुंदीत 4,962 आणि लांबीत 7,014 बिंदू येतात. गुणाकार होतो सुमारे 3 कोटी 48 लाख. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे एका पानाला सुमारे 4.35 मेगाबाइट जागा हवी. रंगीत पानाला चार रंग लागतात, म्हणून चौपट.

माग मध्येच थांबला तरी चादर बिघडत नाही. लेसर प्रिंटरचा दंडगोल मात्र एकदा फिरू लागला, की पान पुरे होईपर्यंत थांबत नाही. म्हणून सारे बिंदू वेळेवर हाताशी असावे लागतात.

1984 मध्ये आलेल्या एचपी लेसरजेटची स्मृती अवघी 128 किलोबाइट होती. इंचाला 300 बिंदूंनी पानभर चित्र काढायला सुमारे 1 मेगाबाइट लागतो. ते त्याला जमत नसे. मजकूर मात्र तो सुबक छापी. कारण अक्षरांचे साचे त्यात आधीच कायमचे साठवलेले होते. कोणते अक्षर कोठे, एवढेच संगणकाने सांगायचे! 1985 च्या ॲपल लेसररायटरला 1.5 मेगाबाइट स्मृती मिळाली आणि पानभर चित्रही शक्य झाले.

विसरणारी आणि न विसरणारी स्मृती

प्रिंटरची कामचलाऊ स्मृती, म्हणजे 'रॅम', फळ्यासारखी असते. वीज गेली की ती पुसली जाते. साच्यांची स्मृती पुठ्ठ्यांसारखी टिकते. मोठ्या कार्यालयीन यंत्रांत याशिवाय अनेकदा हार्ड डिस्क असते. छपाईची कामे तिच्यात रांगेत थांबतात. काही यंत्रांत गुप्त क्रमांक दाबल्यावरच कागद बाहेर येतो.

सोय मोठी, पण जबाबदारीही मोठी. डिस्कवरील मजकूर 'काढून टाकला' तरी त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो बहुधा तेथेच असतो. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स यंत्रे डिस्क न पुसता परत केली. रुग्णांची माहिती त्यांत राहिली होती. 2013 मध्ये संस्थेला 12 लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली.

शाळेच्या यंत्रातून प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांचे दाखले जातात. म्हणून यंत्र विकताना किंवा परत करताना तीन प्रश्न विचारावेत: यात डिस्क आहे का? मजकूर सांकेतिक रूपात साठतो का? डिस्क पूर्ण पुसली का?

करून पाहा: इंचाला 1,200 बिंदू छापणाऱ्या प्रिंटरला एका काळ्या-पांढऱ्या ए-4 पानासाठी किती मेगाबाइट लागतील? दुप्पट म्हणाल, तर पुन्हा विचार करा. बिंदू लांबीतही वाढले आहेत आणि रुंदीतही!