मॅपर राखण करत नाही

डॉट नेटमध्ये वेब एपीआय लिहायला घेतलं, की प्रोजेक्टचा सांगाडा आज जवळपास ठरलेला असतो. वर कंट्रोलर, त्याखाली सर्व्हिस, त्याखाली रिपॉझिटरी, तळाशी डेटाबेस. आणि मधल्या प्रत्येक दारात ऑटोमॅपर, म्हणजे एका क्लासच्या ऑब्जेक्टमधली माहिती दुसऱ्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये भरणारी लायब्ररी. मुलाखतीत विचारा, हा सांगाडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. तो कशासाठी, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘कोड स्वच्छ राहतो.’ स्वच्छतेशी याचा संबंध तसा लांबचाच. दोन बाजू वेगवेगळ्या कारणांनी बदलणार असतील, तर त्यांच्यामध्ये सीमा आखायची आणि त्या सीमेवर माहितीचं रूप बदलायचं, एवढाच यातला मूळ विचार. तो सुटला की उरते ती नुसती टायपिंगची मेहनत.

पुढच्या उदाहरणांसाठी एका पतसंस्थेचं ॲप समजू. डेटाबेसात ‘सभासद’ नावाचं टेबल आहे आणि कोडमध्ये त्याच नावाची एन्टिटी: नाव, पत्ता, मोबाइल, पॅन, पासवर्डचा हॅश, कर्जमर्यादा आणि सभासदाच्या खात्यांची यादी.

‘चार प्रोजेक्ट केली म्हणजे चार थर झाले’

नाही झाले. लेयर ही कोडमधली तार्किक विभागणी असते. वेगळ्या यंत्रावर चालणाऱ्या भागाला टियर म्हणतात, आणि ते प्रकरण निराळं. एकाच प्रोजेक्टमध्ये, साध्या फोल्डरांनीही थर नीट पाळता येतात. वेगळी प्रोजेक्ट केल्याचा एक फायदा मात्र खरा: खालच्या थराने वरच्याला हात घातला, तर बिल्डच होत नाही. थराची ओळख अशी, की कोणाला कोणाबद्दल काय माहीत *नाही*. कंट्रोलरला टेबलाची रचना माहीत नसावी, व्याजाचा हिशोब करणाऱ्या कोडला एचटीटीपी माहीत नसावं. ही अज्ञानं सांभाळली नसतील, तर सोल्यूशनमध्ये दहा प्रोजेक्ट असली तरी थर एकच.

‘डीटीओ म्हणजे एन्टिटीची झेरॉक्स’

असा डीटीओ, म्हणजे डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट, लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. तेच दहा कॉलम, तीच दहा नावं, दोन क्लास आणि मध्ये मॅपिंग. मग हे कशाला?

मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज ॲप्लिकेशन आर्किटेक्चर’ या पुस्तकात डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट मांडला, तेव्हा कारण वेगळं होतं. नेटवर्कवरून होणारा प्रत्येक कॉल महाग. म्हणून नाव एका कॉलने, पत्ता दुसऱ्याने असं न मागता सगळं एका ऑब्जेक्टमध्ये बांधून एकदाच पाठवायचं. म्हणजे डीटीओ जन्माला आला तो प्रवासासाठी. पुढे एकाच प्रक्रियेत, थराथरांमध्येही लोक डीटीओ फिरवू लागले, तेव्हा फाउलर यांनीच २००४ मध्ये लिहिलं की स्थानिक कामासाठी हा खर्च बहुधा वाया जातो. पुस्तकातला पॅटर्न सगळ्यांनी उचलला. त्याला जोडून आलेली ही तक्रार फारशी कोणी वाचली नसावी.

वेब एपीआयच्या बाहेरच्या दारावर मात्र डीटीओ हवाच, आणि त्याला आज दुसरं, अधिक वजनदार कारण आहे. समजा, पतसंस्थेने ठरवलं की एका सभासदाचे तीन फोन नंबर ठेवता आले पाहिजेत. ‘मोबाइल’ कॉलम जातो, संपर्काचं वेगळं टेबल येतं. पण सभासदांच्या फोनमधलं ॲप जुनंच आहे. ते अपडेट कधी होईल हे तुमच्या हातात नाही, आणि ते अजून ‘मोबाइल’ नावाचं एकच फील्ड मागतं. एन्टिटी थेट जेसन करून पाठवत असाल, तर टेबल बदललं त्या दिवशी ॲप बंद पडलं. मध्ये डीटीओ असेल, तर मॅपिंगमधली एक ओळ बदलायची: मुख्य नंबर ‘मोबाइल’मध्ये भरायचा. टेबल आपल्या गतीने बदलतं, बाहेर दिलेला शब्द त्याच्या गतीने.

एन्टिटी थेट पाठवण्यात आणखी एक फजिती ठरलेली असते. सभासदाकडे खात्यांची यादी, प्रत्येक खात्याकडे परत त्याचा सभासद. डॉट नेटचा जेसन सीरियलायझर या चक्राशी येऊन थांबतो आणि एक्सेप्शन फेकतो. डॉट नेट ६ पासून ‘चक्राकडे दुर्लक्ष कर’ असा पर्याय मिळतो. पण त्याने फक्त ओरड थांबते, गरज नसलेली माहिती बाहेर जायची ती जातेच.

आणि आतले थर? कंट्रोलरचं मॉडेल वेगळं, सर्व्हिसचं वेगळं, रिपॉझिटरीचं वेगळं, तिन्हींत तीच फील्ड्स: हा प्रकार म्हणजे सरकारी कचेरीत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नुसती सरकत राहावी, शेरा कोणीच मारू नये, तसा. जिथे रूप बदलत नाही तिथे मॅपिंग नको. ऑटोमॅपरचे कर्ते जिमी बोगार्ड यांनी स्वतःच्या लायब्ररीच्या वापराबद्दल जी पथ्यं सांगितली आहेत, त्यात गुंतागुंतीच्या अनेक थरांना आधार म्हणून ती वापरू नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. नेमकं तेच करण्यासाठी ती बहुतेक ठिकाणी आणली जाते.

‘मॅपर आहे म्हणजे सुरक्षित’

हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा.

मार्च २०१२. रुबी ऑन रेल्सवर चालणाऱ्या गिटहबवर सार्वजनिक किल्ली अपडेट करायचा एक फॉर्म होता. रेल्समध्ये तेव्हा सोय अशी होती, की विनंतीत आलेली फील्ड्स नावं जुळवून थेट मॉडेलमध्ये भरली जात. एगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने रेल्सच्या चमूकडे या धोक्याची तक्रार आधी केली होती. ती ॲप लिहिणाऱ्यांची जबाबदारी आहे, असा सूर निघाला. मग त्याने गिटहबच्या त्या फॉर्मसोबत एक फील्ड जास्तीचं पाठवलं: किल्ली ज्याच्या नावावर, त्याचा आयडी. सर्व्हरने ते निमूटपणे भरून घेतलं. त्याची किल्ली रेल्सच्या खात्यात जमा झाली आणि त्याने खुद्द रेल्सच्या कोडमध्ये कमिट करून दाखवलं. या प्रकाराला मास असाइनमेंट म्हणतात. पुढच्या वर्षी आलेल्या रेल्स ४ मध्ये, कोणती फील्ड्स स्वीकारायची ते नावानिशी सांगणं सक्तीचं झालं.

आता पतसंस्थेकडे या. पत्ता बदलण्यासाठी एक एपीआय आहे. आळस म्हणून तिथेही तोच ‘सभासद डीटीओ’ घेतला, जो माहिती दाखवायला वापरतो. त्यात कर्जमर्यादा आहे, कारण ती स्क्रीनवर दिसावी लागते. कोणी पत्त्यासोबत कर्जमर्यादाही पाठवली, तर ऑटोमॅपर नावं जुळलेली बघून ती एन्टिटीत उतरवणार आणि पुढची ओळ ती डेटाबेसात जतन करणार. मॅपरने त्याचं काम चोख केलं! सुरक्षा आहे ती डीटीओच्या आकारात: पत्ता बदलायच्या क्लासमध्ये पत्ता आणि पिनकोड एवढंच असेल, तर कर्जमर्यादेला शिरायला जागाच नाही. म्हणून आत येणारा आणि बाहेर जाणारा डीटीओ वेगळे ठेवायचे, नावं कितीही सारखी असली तरी. बोगार्ड यांनीही ही लायब्ररी एकाच दिशेसाठी, म्हणजे आतल्या मॉडेलवरून बाहेरचं चपटं रूप बनवण्यासाठी केली होती. उलट्या दिशेच्या मॅपिंगबद्दल ते सुरुवातीपासून नाखूश होते.

ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या २०१९ च्या यादीत ‘गरजेपेक्षा जास्त माहिती बाहेर देणं’ आणि ‘मास असाइनमेंट’ या दोन वेगळ्या नोंदी होत्या. २०२३ च्या यादीत त्या एकत्र करून तिसऱ्या क्रमांकावर ठेवल्या गेल्या. दोन्हींचं मूळ एकच: कोणती प्रॉपर्टी कोणाला वाचता यावी आणि कोणाला बदलता यावी, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

‘मॅपिंगमुळे एपीआय मंदावतो’

मेमरीत दहा प्रॉपर्टी एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्यात टाकायला लागणारा वेळ डेटाबेसच्या एका फेरीपुढे खिजगणतीत नाही. मंदपणा येतो तो मॅपर *काय वाचतो* त्यामुळे. सभासदांच्या यादीत प्रत्येकाच्या खात्यांची संख्या दाखवायची आहे. डेटाबेसशी बोलणाऱ्या एन्टिटी फ्रेमवर्क या लायब्ररीत लेझी लोडिंग, म्हणजे हात लावला तेव्हाच माहिती आणायची सोय, चालू असेल, तर मॅपर ‘खाती’ या प्रॉपर्टीला हात लावतो आणि प्रत्येक सभासदामागे एक क्वेरी सुटते. ५०० सभासद, तर ५०१ क्वेरी. लेझी लोडिंग बंद असेल आणि खाती आधी मागवलेली नसतील, तर यादी रिकामी. सगळ्यांची खाती शून्य दिसतात आणि एरर कुठेच नाही. हे दुसरं जास्त वाईट.

उपाय ऑटोमॅपरमध्येच आहे, पण शिकवण्यांमध्ये तो शेवटी येतो किंवा येतच नाही. ‘प्रोजेक्ट टू’ वापरलं, की मॅपिंगचं वर्णन क्वेरीत मिसळतं आणि डेटाबेसाकडे हव्या तेवढ्याच कॉलमची एक एसक्यूएल क्वेरी जाते. पासवर्डचा हॅश सर्व्हरच्या मेमरीतही येत नाही. हाताने ‘सिलेक्ट’ लिहूनही हेच होतं.

रिपॉझिटरीबद्दलही थोडक्यात सांगायला हवं, कारण तिच्यावाचून थर अपुरे राहतात असं मानणारे बरेच. एन्टिटी फ्रेमवर्कचा डीबीसेट रिपॉझिटरीचंच काम करतो आणि डीबीकॉन्टेक्स्ट युनिट ऑफ वर्कचं. मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवजही तसंच सांगतात. त्यावर ‘सगळे आणा, एक आणा, जोडा, काढा’ अशी सरसकट रिपॉझिटरी चढवली, की वरचा ‘प्रोजेक्ट टू’चा रस्ताही अनेकदा बुजतो, कारण ती पूर्ण एन्टिटीच परत देते. ‘उद्या डेटाबेस बदलला तर’ हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण त्या उद्यासाठी आजची प्रत्येक क्वेरी लंगडी करायची का?

‘ऑटो आहे, म्हणजे चुका आपोआप कळतील’

डीटीओमधल्या प्रॉपर्टीचं नाव कोणी बदललं, तर ऑटोमॅपर जुळणी सापडली नाही म्हणून ती रिकामी सोडतो. कंपायलर गप्प, प्रोग्राम चालू. मॅपिंगची व्यवस्था तपासणारी मेथड लायब्ररीत दिलेली आहे. ती युनिट टेस्टमधून चालवली, तरच असं छिद्र वेळेवर दिसतं. जावाकडचं मॅपस्ट्रक्ट आणि डॉट नेटमधलं मॅपरली हे बिल्डच्या वेळीच मॅपिंगचा खरा कोड तयार करतात, तो उघडून वाचता येतो आणि न जुळलेल्या प्रॉपर्टीची सूचना तिथेच मिळते.

ऑटोमॅपर फुकट आहे, हा समजही आता जुना झाला. एप्रिल २०२५ मध्ये बोगार्ड यांनी तो व्यावसायिक करणार असल्याचं जाहीर केलं आणि जुलैपासून नव्या आवृत्त्यांना नवा परवाना लागू झाला. लहान संस्थांना विनामूल्य सोय आहे, जुन्या आवृत्त्या एमआयटी परवान्याखाली आहेतच. पण ज्यांच्या प्रत्येक सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मॅपर टोचलेला आहे, त्यांना तो काढणं म्हणजे अख्खा प्रोजेक्ट उकरणं.

पतसंस्थेच्या ॲपएवढ्या कामात मी तरी हाताने लिहिलेल्या साध्या एक्स्टेन्शन मेथड पसंत करेन. लिहायला कंटाळवाण्या असतात, मान्य. पण प्रॉपर्टीचं नाव बदललं की कंपायलर जागच्या जागी अडवतो, आणि पॅन नेमका कोणकोणत्या डीटीओत जातो हे ‘फाइंड ऑल रेफरन्सेस’ दाबून दाखवता येतं. ऑडिटर समोर बसलेला असताना याचा फार उपयोग होतो.