चकवा लागला, की खूण सुटली?
नकाशा-होकायंत्राच्या शर्यतीनंतरचा हिशोब

अंधारात माळावर माणूस वाट चुकला आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी आला, की आपल्याकडं म्हणतात, 'चकवा लागला.' सगळं चकव्याच्या माथी मारलं की विषय संपला. कुठं चुकलं, का चुकलं, हे मग कुणी विचारत नाही. परंतु एक शर्यत अशी आहे की तिथं चकव्याचं कारण चालत नाही. वाट नेमकी कुठं सुटली, किती मिनिटं गेली आणि कशामुळं गेली, याचा जाब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. या शर्यतीचं नाव ओरिएंटिअरिंग. नाव परकं असलं तरी काम आपल्या शिवारातलंच आहे.

शर्यत असते कशी?

धावणाऱ्याच्या हातात नकाशा आणि होकायंत्र देतात. नकाशावर त्रिकोणापासून सुरुवात, पुढं क्रमांक दिलेली वर्तुळं आणि शेवटी दुहेरी वर्तुळ. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध जमिनीवरची एखादी खूण असते. नाल्याचा फाटा असेल, मोठा खडक असेल, टेकडीची सोंड असेल. तिथं केशरी-पांढरं निशाण टांगलेलं असतं. क्रमानं प्रत्येक निशाणावर जायचं, नोंद करायची आणि कमीत कमी वेळात परतायचं. मधली वाट कुणी आखून देत नाही. टेकडी चढून जायचं की वळसा घालायचा, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

लष्करी सरावातून आलेली ही शर्यत लोकांसाठी प्रथम ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, ओस्लोजवळ झाली. पुढं स्वीडनमध्ये मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ शर्यत भरवली, तिला दोनशेवर धावपटू आले. १९६१ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आपल्याकडं एनसीसीच्या मुलांना नकाशावाचन शिकवतात, तीच या खेळाची बाराखडी.

आपला मुलूख आणि त्याची गंमत

नांदगाव तालुक्याचा मुलूख या खेळाला साजेसा आहे. दक्षिणेला डोंगररांग, खाली मुरमाड माळ आणि पांझण, लेंडी, शाकंबरी, मन्याड अशा नद्यांना मिळणारे असंख्य ओढेनाले. मनमाडकडं गेलं की हडबीची शेंडी लांबून दिसते. एवढी मोठी खूण समोर असताना दिशा चुकणं अवघड.

पण मेख आहे ती नाल्यांत. उन्हाळ्यात एक कोरडा नाला दुसऱ्यासारखाच दिसतो. तेच खडक, तीच करवंदाची जाळी, तोच वाळूचा पट्टा. शेजारच्या नाल्यात उतरलेला माणूस आपण बरोबर आहोत असं समजून बराच वेळ निशाण शोधत राहतो. शर्यतीतली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागडी चूक.

चकव्याचं म्हणाल, तर जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली त्याचा छडा लावला. त्यांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बरीचशी सरळ गेली. आभाळ झाकोळलं तेव्हा ती नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली. डोळ्यांपुढं पक्की खूण नसली, तर सरळ चाललोय ही खात्री फसवी असते.

मिनिटांचा पाढा

शर्यत संपली की खरं काम सुरू होतं. पाणी प्यायचं आणि तासाभराच्या आत नकाशा पसरून बसायचं. पेन्सिलीनं आपण प्रत्यक्ष गेलो ती वाट काढायची. जायला हवं होतं ती नव्हे, गेलो ती. मनगटावरच्या घड्याळात आता उपग्रहाच्या मदतीनं वाट उमटते, पण ती नंतर बघायची. आधी स्वतः आठवून काढायची. दोन्हीत जिथं फरक पडेल तिथंच आपलं भान सुटलेलं असतं.

मग एका निशाणापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ मांडायचा आणि इतरांच्या वेळेशी ताडून बघायचा. एक उदाहरण घेऊ.

समजा, दोन निशाणांत सरळ रेषेत ८०० मीटर अंतर आहे. मध्ये ६० मीटर चढाची टेकडी. टेकडीला वळसा घालून गाडीवाट जाते, ती १२०० मीटर. धावपटूंचा ढोबळ ठोकताळा असा, की एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे आठ मीटर. म्हणजे ६० मीटर चढाचे ४८० मीटर झाले. सरळ वाट १२८० मीटरला पडली, वळशाची १२०० ला. सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटं लागणाऱ्या पोराला या दोन वाटांत फरक पडतो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा.

आता एक पोरगा टेकडीवरून गेला आणि त्याला पावणेबारा मिनिटं लागली. दुसरा वळशानं गेला, त्याला सव्वासात. पहिला म्हणणार, 'टेकडीनं मारलं.' हिशोब मात्र वेगळं सांगतो. टेकडीनं खाल्लं अर्धं मिनिट. उरलेली चार मिनिटं गेली खाली उतरल्यावर, शेजारच्या नाल्यात शोधाशोध करण्यात. हे कळलं नाही, तर पुढच्या वेळी तो टेकडी टाळेल आणि वळशानं जाऊनही चुकीच्याच नाल्यात उतरेल. वाट निवडण्यातली चूक वेगळी आणि निवडलेल्या वाटेवर झालेली चूक वेगळी. दोन्ही एकाच खात्यात घातल्या, की दुरुस्ती भलत्याच ठिकाणी होते.

चूक कोणत्या जातीची?

जाणकार प्रत्येक टप्प्याला चार प्रश्न विचारतात. निघण्याआधी वाट ठरवली होती, की पुढच्याच्या मागं धावलो? निशाणाच्या अलीकडं एखादी पक्की खूण, जसं विहीर, बांधाचा कोपरा किंवा पुलाची मोरी, गाठून मग आत शिरलो, की अंदाजानं घुसलो? निशाण मागं राहिलं तर आपल्याला अडवेल असा रस्ता किंवा ओढा आधीच हेरून ठेवला होता का? आणि शेवटचा प्रश्न, शंका आली तेव्हा थांबलो, की वेग वाढवला?

चौथ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात. चुकल्यासारखं वाटलं की पाय आपोआप जोरात पडतात. खरं तर तेव्हाच थांबून, शेवटची खात्रीची खूण आठवून, लागलं तर तिथवर मागं फिरावं. त्यात अर्धं मिनिट जातं, पण पाच वाचतात.

जिंकणाऱ्यानंही हा पाढा वाचावा. नशिबानं साधलेली वाट दुसऱ्यांदा साधत नाही.

गेलेलं प्रत्येक मिनिट मात्र चूक धरायचं नसतं. २००९ साली हंगेरीत झालेल्या जागतिक स्पर्धेत स्वीडनच्या मार्टिन जोहानसनच्या मांडीत लाकडाचा तुकडा खोल घुसला. फ्रान्सचा थिएरी जॉर्ज्यू, नॉर्वेचा अँडर्स नोर्डबर्ग आणि झेक धावपटू मिखाल स्मोला हे पदकाच्या शर्यतीत असूनही त्याच्यासाठी थांबले. त्यांची पदकं गेली, पण त्या मिनिटांना कुणी चूक म्हटलं नाही.

गावाला याचा उपयोग काय?

पोलीस आणि सैन्यभरतीसाठी आपली पोरं पहाटे रस्त्यावर धावतात. पायात ताकद येते, पण अनोळखी जागी निर्णय घ्यायची सवय त्यातून लागत नाही. ती या खेळानं लागते.

ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांच्याही कामाची ही रीत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरीच्या पुराचं पाणी नांदगाव शहरात शिरलं. अशा वेळी कोणती मोरी आधी बुडते, कोणत्या पाणंदीनं ट्रॅक्टर निघतो, निरोप कुठं अडकतो, याचा पडताळा पूर ओसरल्यावर नकाशा समोर ठेवून घ्यायला हवा. 'पाणीच फार होतं' एवढ्यावर सोडलं, तर पुढच्या पुरात निरोप त्याच मोरीपाशी अडेल.

तलाठी कार्यालयातल्या गाव नकाशावर गट आणि शिवेच्या खुणा असतात, पण चढउतार नसतो. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्यावा. पन्नास हजारास एक या प्रमाणात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषांवरून टेकडीचा चढ कळतो. शर्यतीसाठी याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो. तो शिवारफेरी करून शाळेची मुलं शिक्षकांच्या मदतीनं स्वतः काढू शकतात.

शर्यत भरवायची झाल्यास काही पथ्यं पाळा. उभ्या कांद्यातून वा गव्हातून कुणी जाणार नाही, असं नकाशावरच आखून द्या. शेतमालकाची, ग्रामपंचायतीची आणि वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. बिनकठड्याच्या विहिरी आणि झटका यंत्राची कुंपणं ठळक दाखवा. रेल्वेमार्ग ओलांडावा लागेल अशी आखणी मुळीच नको. सुरुवात सकाळी लवकर ठेवा आणि गेलेली पोरं परत आली का, ते मोजून घ्या.

आणि बक्षीस वाटण्याआधी अर्धा तास राखून ठेवा. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांनाही नकाशावर आपापली वाट काढून दाखवायला लावा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरं. पण ठेच कुठं लागली हे पुढच्यानं सांगितलं तरच.