आज्ञावलीकाराची नोंदवही

कार्यसवयींचा विषय निघाला की बहुधा चिकाटी, वक्तशीरपणा, मनोनिग्रह इत्यादी गुणांची चर्चा होते. हे गुण कोणत्याही व्यवसायात इष्टच होत. परंतु सॉफ्टवेअर-अभियंत्याच्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे तेवढ्याने भागत नाही असे दिसून येते. गवंड्याने दिवसभरात किती भिंत उभी केली आणि ती ओळंब्यात आहे की नाही, हे संध्याकाळी कोणासही पाहता येते. आज्ञावलीकाराचे काम असे डोळ्यांना दिसत नाही. दिवसभर खपून त्याने चार ओळी बदललेल्या असतात. त्या चार ओळींमागे सहा तासांचा शोध असेल किंवा सहा तासांचा गोंधळ. आपण काय केले, त्यास किती वेळ लागला आणि आपण कोठे चुकलो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तो स्मरणावरून देतो. आणि स्मरण हा या बाबतीत फारच कच्चा साक्षीदार आहे. म्हणून या व्यवसायातील चांगल्या सवयींचा पाया नोंद हाच होय, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ती नोंद कशाची असावी, किती असावी आणि कोणासाठी असावी, या प्रश्नांचा निर्णय झाल्यावाचून ती उपकारक ठरत नाही. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

चुकीची पहिली जाणीव

केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालविली. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी त्यानंतर लवकरच एका विकलक समीकरणाची उकल करणारी स्वतःची आज्ञावली लिहावयास घेतली. आपल्या उर्वरित आयुष्याचा बराच मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे, ही जाणीव आपणास तेव्हा झाली, असे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले आहे. त्या आज्ञावलीची छिद्रित फीत पुढे उपलब्ध झाली. मार्टिन कॅम्बेल-केली यांनी १९९२ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे सव्वाशे ओळींत वीसएक चुका असल्याचे आढळले.

विल्क्स हे काही नवशिके नव्हते. यंत्र त्यांचेच, समीकरण त्यांच्या परिचयाचे; तरीही चुका झाल्या. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आज्ञावलीतील दोष हा प्रायः अज्ञानाचा परिणाम नसून मानवी अवधानाच्या मर्यादेचा परिणाम असतो. ज्या मनाने चूक केली तेच मन ती वाचताना, जे लिहावयाचे होते तेच लिहिलेले आहे असे समजून पुढे जाते. तेव्हा सवय अशी हवी की जी या मनावर सर्वस्वी विसंबून राहणार नाही.

क्नूथ यांची दोषसूची

या सवयीचे सर्वांत विस्तृत प्रकाशित उदाहरण म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांची दोषसूची होय. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी मनासारखी होत नाही हे पाहून त्यांनी १९७७ साली ‘टेक्’ या मुद्रणरचनेच्या आज्ञावलीचा आराखडा केला. मार्च १९७८ मध्ये ती यंत्रावर तपासावयास आरंभ झाला, तेव्हापासून सापडलेल्या प्रत्येक दोषाची आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद त्यांनी ठेवली. १९८९ साली त्यांनी ही सूची एका निबंधासह प्रसिद्ध केली. तीत साडेआठशेहून अधिक नोंदी असून त्यांचे पंधरा वर्ग पाडलेले आहेत. लेखनातील हस्तदोष, विसरून राहिलेली कार्ये, आज्ञावलीच्या दोन भागांतील विसंगती, कल्पनेतही न आलेले परस्परपरिणाम, असे ते वर्ग आहेत.

येथे महत्त्व संख्येला नसून वर्गीकरणाला आहे. ‘माझ्या हातून चुका होतात’ या विधानातून काहीच निष्पन्न होत नाही. परंतु ‘माझ्या चुकांपैकी बऱ्याच चुका एका भागाने दुसऱ्या भागाविषयी केलेल्या चुकीच्या गृहीतातून होतात’ असे कळले, म्हणजे दोन भागांच्या सांध्यावर अधिक तपासणी करावयास हवी हे आपोआपच ठरते. नोंद ही अशा रीतीने पश्चात्तापाचे साधन न राहता निदानाचे साधन होते. पुढे क्नूथ यांनी दोष दाखवून देणाऱ्या वाचकास पारितोषिक देण्याची प्रथा चालविली, आणि टेक्च्या आवृत्तींचे क्रमांक पाय या स्थिरांकाच्या दशांश-मूल्याकडे सरकत राहतील अशी योजना केली. २०२१ सालच्या आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. त्यातून पूर्णतेकडे केवळ सरकता येते हे सूचित होते.

काळ आणि दोष यांचा जमाखर्च

क्नूथ यांनी एका मोठ्या कृतीची नोंद ठेवली. तीच पद्धत सामान्य अभियंत्याच्या दैनंदिन कामास लागू करण्याचा प्रयत्न वॉट्स हम्फ्री यांनी केला. आयबीएममधील दीर्घ सेवेनंतर १९८६ साली ते कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत आले. मोठ्या संघटनांसाठी सुचविलेली शिस्त एकट्या माणसाला पाळता येते काय, हे त्यांनी प्रथम स्वतः लहान लहान आज्ञावल्या लिहून पाहिले, आणि त्यातून सिद्ध झालेली पद्धती १९९५ साली ग्रंथरूपाने मांडली.

तिच्या मुळाशी दोन तक्ते आहेत. पहिला काळाचा. त्यात काम सुरू केल्याची वेळ, थांबविल्याची वेळ आणि मधल्या व्यत्ययात गेलेली मिनिटे लिहावयाची, व व्यत्यय वजा जाता उरलेला काळ खरा कामाचा धरावयाचा. दुसरा तक्ता दोषांचा. दोष कोणत्या प्रकारचा, कामाच्या कोणत्या टप्प्यात शिरला, कोणत्या टप्प्यात सापडला आणि दुरुस्तीस किती मिनिटे लागली, हे त्यात येते. ‘शिरला’ आणि ‘सापडला’ या दोन स्तंभांतील अंतरातच या पद्धतीचे सार आहे. आराखड्यात शिरलेला दोष आराखड्यातच सापडला तर तो एका रेघेने पुसता येतो. तोच अखेरच्या चाचणीत सापडला तर त्याच्यावर रचलेले बरेच काही उकलावे लागते. स्वतःच्या तक्त्यात हे अंतर वारंवार पाहणारा अभियंता यंत्राकडे आज्ञावली सोपविण्यापूर्वी ती एकदा शांतपणे वाचण्याची सवय लावून घेतो. आणि वाचताना काय शोधावयाचे याची यादीही त्यास आपल्याच जुन्या दोषांतून मिळते.

यंत्राने राखलेली नोंद

नोंदीचा काही भाग यंत्रावर सोपविता येतो. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली आज्ञावलीच्या बदलांचा इतिहास राखणारी व्यवस्था तयार केली. आज सर्वत्र रूढ असलेली ‘गिट’ ही व्यवस्था लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केली. तीत बदलांचा प्रत्येक टप्पा एका टिपणीसह जतन होतो. त्यास ‘कमिट’ म्हणतात.

या साधनाचे फळ मात्र वापरणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. एखादी आज्ञावली हजार कमिटांपूर्वी नीट चालत होती आणि आज चालत नाही, असे समजू. मधली स्थिती तपासून निम्मा इतिहास निर्दोष ठरवावयाचा, उरलेल्याची पुन्हा मधली स्थिती तपासावयाची, असे करीत गेल्यास सुमारे दहा तपासण्यांत दोषी कमिट हाती लागते. परंतु हे केव्हा? प्रत्येक कमिट लहान, एकाच हेतूची आणि चालविता येण्याजोगी असेल तेव्हा. आठवडाभराचे सारे काम शनिवारी ‘किरकोळ बदल’ अशा टिपणीखाली एकत्र जतन करणाऱ्यास दहा तपासण्यांनंतर हाती लागते ती आठवडाभराची अडगळ. स्वयंचलित चाचण्यांचेही तसेच आहे. दोष दुरुस्त करण्यापूर्वी तो दाखवून देणारी चाचणी लिहिण्याची सवय असली, म्हणजे ती चाचणी हीच दोषाची चिरस्थायी नोंद होते. पुन्हा तीच चूक झाली तर ती यंत्रच सांगते.

नोंदीच्या मर्यादा

इतके झाल्यावर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हवाई विद्यापीठातील अ‍ॅन डिस्नी व फिलिप जॉन्सन यांनी १९९८ साली हम्फ्री-पद्धतीने विद्यार्थ्यांनी भरलेल्या तक्त्यांची छाननी केली, तेव्हा त्यांत आकडेमोडीच्या व नोंदीच्या पुष्कळ चुका आढळल्या. नोंद ठेवण्याचा भार वाढला की नोंदही दूषित होते, हा त्यातील बोध होय. त्यावर उपाय म्हणून जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे माहिती आपोआप गोळा करणारी साधने तयार केली. त्यांनी श्रम वाचले, परंतु ही माहिती वरिष्ठांच्या हाती गेली तर काय, ही नवी शंका उत्पन्न झाली.

ही शंका निराधार नाही. अ‍ॅपल कंपनीत १९८२ च्या आरंभी अभियंत्यांनी दर आठवड्यास लिहिलेल्या ओळींची संख्या कळवावी असा दंडक घालण्यात आला. त्या सुमारास बिल अ‍ॅटकिन्सन यांनी चित्रणाच्या आज्ञावलीचा एक भाग नव्याने लिहून तो अधिक वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी तक्त्यात ‘उणे २०००’ असा आकडा भरला. ही हकीकत त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवली आहे. जे मोजले जाते तेच काम, असा समज एकदा रूढ झाला की माणसे आकड्यासाठी काम करू लागतात. दोषसूची गुणपत्रिका ठरली, तर तीत दोष लिहिणार कोण?

उपसंहार

वरील विवेचनावरून नोंदीचे तीन नियम निष्पन्न होतात. नोंद प्रथम लिहिणाऱ्याच्या उपयोगाची असावी. ती इतकी लहान असावी की थकलेल्या दिवशीही टळू नये. आणि ठराविक काळाने ती वाचून एखादा निर्णय घेतला जावा. जी नोंद पुन्हा वाचली जात नाही ती सवय नव्हे, केवळ उपचार होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने आरंभ याहूनही साधा करावा. काम थांबविताना पुढील पाऊल कोणते, याची एक ओळ लिहावी. खंडित झालेले काम पुन्हा हाती घेताना मागचा धागा शोधण्यात जाणारा वेळ त्याने वाचतो. अर्ध्या तासाहून अधिक काळ खाणारा प्रत्येक दोष कारणासह टिपावा. कमिट लहान ठेवून तिच्या टिपणीत ‘काय’ यापेक्षा ‘का’ याला जागा द्यावी. महिन्याच्या अखेरीस दोषांची टिपणे वाचून त्यांतील एकाच वर्गाविरुद्ध एकच उपाय योजावा. प्रबंधातील एखाद्या आलेखावर परीक्षकाने दोन वर्षांनंतर प्रश्न विचारला, तर तो आलेख आज्ञावलीच्या कोणत्या स्थितीतून निघाला हे ज्यास दाखविता येईल, त्याचाच निष्कर्ष टिकेल. शोधनिबंधातील पुरावा आणि आज्ञावलीकाराची नोंदवही या दोन भिन्न वस्तू नव्हेत. संशोधकाच्या प्रामाणिकपणास स्मरणाची साक्ष अपुरी पडते, म्हणूनच प्रयोगशाळेत नोंदवही ठेवली जाते. आज्ञावली लिहिणाऱ्याचे टेबल हीही एक प्रयोगशाळाच आहे.